नाव न घेता

प्रमिलाबाई खरातांना प्रश्न पडायचे. तसे ते सगळ्यांनाच पडतात, पण आपण ते गिळतो आणि कामाला लागतो. बाईंच्या गळ्याखाली प्रश्न उतरतच नसे. सुरतेच्या बमरोलीतल्या त्यांच्या गल्लीत कुणाच्या कुकरची तिसरी शिट्टी का झाली नाही, समोरच्या ओडिया पोरांच्या खोलीला दोन दिवस कुलूप का आहे, पाण्याच्या बाटल्या टाकणाऱ्याने आज दाढी का केली, हे सगळं त्यांना कळायला हवं असे. आणि गंमत अशी, की लोक सांगतही. दारात उभं राहून त्या असं काही ‘काय गं, काय झालं?’ विचारायच्या, की समोरच्याला वाटे, अरे, आपल्याला खरंच काहीतरी झालंय.

बाई मूळच्या जालन्याकडच्या, घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. लग्न होऊन याकोब खरातांबरोबर सुरतेला आल्या त्याला आता सव्वीस वर्षं होतील. पांडेसऱ्यात एका कारखान्यात त्यांचं काम कापड तपासायचं. टेबलावरून ताका, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, पुढे सरकत राहतो आणि बाईंनी त्यातला डाग, गाठ, तुटलेला धागा हेरायचा. अठरा वर्षं हेच केल्यावर ती नजर संध्याकाळी टेबलावर ठेवून घरी येता येते थोडीच. ती बाईंबरोबर शेअर रिक्षात बसून गल्लीत यायची.

पण त्यांना कुणी चहाडखोर म्हटलं तर मी भांडेन. चहाडखोर माणूस ऐकतो आणि पुढच्या दाराला जातो. बाई ऐकायच्या आणि पदर खोचायच्या. त्या ओडिया पोरांच्या कुलपाचा शोध लावला, तेव्हा कळलं की एक पोरगा डेंग्यूने दवाखान्यात आहे आणि दुसरा त्याच्या उशाशी. मग पाच दिवस भाताची पेज बाईंच्या घरून गेली. चौकशी नसती केली तर पेजही गेली नसती, हे तुम्हीच बघा.

या स्वभावाला मुळातच धार होती, ती याकोब गेल्यावर जास्त चढली. सहा वर्षांपूर्वी तो सकाळी दूध आणायला गेला आणि दुकानासमोरच कोसळला. सुरतेत ना भाऊ, ना दीर. लेक सासरी, तीही दूर. बाई दवाखान्याच्या बाकावर एकट्या बसलेल्या, आणि दुपार व्हायच्या आत मंडळीतली चाळीस माणसं तिथे हजर. मंडळी म्हणजे त्यांच्या चर्चची माणसं. त्यातल्या निम्म्यांशी बाईंचा ‘सलाम’पलीकडे संबंध नव्हता. चौघांनी कामावर खाडा करून कबर खणली. दहा दिवस बाईंच्या चुलीवर भांडं चढलं नाही, पण ताट रोज दोन्ही वेळा आलं.

शोक ओसरल्यावर बाईंना प्रश्न पडलाच. ह्यांना कळवलं कुणी? ज्याला विचारावं तो दुसऱ्याचं नाव सांगे, दुसरा तिसऱ्याचं. शेवटपर्यंत पहिलं माणूस सापडलं नाही. बाईंनी त्यातून आपला एक धडा घेतला: कुणीतरी सांगितलं म्हणून माणसं आली. सांगितलं नसतं तर मी त्या बाकावर एकटीच बसले असते. त्याच सुमारास चर्चचे पाळकसाहेब एकदा म्हणाले होते, की आशीर्वाद घरात आला की त्याची जबाबदारीही येते, पाहुण्याबरोबर त्याची पिशवी येते तशी. बाईंना ते पटलं. आपली जबाबदारी कोणती, तर सांगणं. तेव्हापासून बुधवारच्या प्रार्थनासभेत बाईंचे विषय सगळ्यांत जास्त.

हे विषय म्हणजे काय ते सांगतो. दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी पंधरावीस बाया जमतात. गाणं होतं, वाचन होतं, मग पुढारी असलेल्या उषाबाई चष्मा लावून वही उघडतात आणि विचारतात, “प्रार्थनेचे विषय?” मग एकेक जण सांगते. नातवाला ताप आहे. जावयाची बदली. घराचा दाखला मिळत नाही. सगळ्या मिळून प्रार्थना करतात, आणि दुसऱ्या दिवशी साखळी सुरू होते. ज्या आल्या नाहीत त्यांना एकीने फोन करायचा, तिने पुढचीला. साखळी आपल्याकडे तुटू द्यायची नाही हा नियम. नियम इतका कडक, की गॅस बंद करून बाया आधी फोन लावतात.

आता सुकदेवकडे येऊ. बाईंच्या शेजारी सुकदेव आणि सुंदरा राहत, माणसं खानदेशातली, धुळ्याकडची. सुकदेव कापड रंगवायच्या मिलमध्ये रंग जुळवायचा. व्यापाऱ्याने नमुन्याची चिंधी पाठवली की हुबेहूब तोच रंग कपड्यावर उतरवायचा, ही त्याची कला. आणि त्याला रंगांना नावं ठेवायची खोड. बाई कामावर निघाल्या की तो दारापुढच्या ओटल्यावरून म्हणे, “बाई, ही हिरवी नाही बरं का. हा चिंचेचा कोवळा पाला.” किंवा, “आज काय, भाजलेलं वांगं?” बाई वरवर रागवायच्या, पण साडी निवडताना आज हा काय म्हणेल, असा विचार त्यांच्या मनात येऊन जायचा, खोटं कशाला बोलू.

एका सकाळी बाईंनी जांभळी साडी नेसली. सुकदेवने पाहिलं आणि म्हणाला, “आज तपकिरी वाटतं.” एवढंच. ना पाला, ना वांगं. बाई रिक्षात बसल्या, पण मन ओटल्यावरच राहिलं. जांभळ्याला तपकिरी? ह्या माणसाने? मग आठवडाभर त्यांनी लक्ष ठेवलं. सुकदेव पायरी उतरण्याआधी पायाने चाचपतो. चहाचा कप दोन्ही हातांनी घेतो. गल्लीच्या तोंडाशी कुणी हात केला तर आधी थांबतो, आवाज ओळखतो, मग हसतो.

रविवारी दुपारी सुंदरा ओटल्यावर साड्यांचे सुटे धागे कापत बसली होती, नगावर पैसे मिळणारं काम ते. बाई शेजारी बसल्या, दुसरी कात्री उचलली, चारपाच धागे कापले आणि म्हणाल्या, “सुंदरा, काय झालंय गं सुकदेवला?”

सुंदरा एरवी बाईंशी मराठीत बोलायची, पण मन भरून आलं की तिची अहिराणी बाहेर यायची. तिने कात्री खाली ठेवली. “त्यास्ले दिसत नही, बाई.”

वर्ष झालं होतं. आधी धुरकट, मग जास्त धुरकट. निळं आणि जांभळं तर पार मळलेलं दिसे. जुन्या रंगांची मापं त्याला पाठ होती, नवीन आले की शेजारचा मदतनीस हळूच सांगे. तेवढ्यावर चाललं होतं. मिलच्या रंगमास्तरला कळलं की संपलं. रंग न दिसणारा रंगवाला कोण ठेवतो? थोरली नर्सिंगला, धाकटी बारावीला. डोळे दाखवायला गेलं आणि कागद झाला, कुणी पाहिला तर, या भीतीने तो डॉक्टरकडेही जात नव्हता.

“कोनले सांगू नको,” सुंदरा म्हणाली.

“नाही सांगणार. फक्त प्रार्थना करीन,” बाई म्हणाल्या. आणि मनापासून म्हणाल्या. त्या ‘फक्त’मध्ये काय काय मावतं, ते त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

बुधवारी सभा उषाबाईंच्याच घरी होती. बाई मनाशी ठरवून गेल्या होत्या, आज आपला विषय नाही. पण उषाबाईंनी वही उघडली, पाळी एकेक करत जवळ येऊ लागली आणि बाईंच्या डोळ्यांपुढे तो कप आला, दोन हातांनी धरलेला. एकटीने केलेली प्रार्थना आणि वीस जणींनी केलेली, फरक नाही का? दवाखान्याच्या बाकावर चाळीस आले होते, एक नव्हता आला. बाईंच्या तोंडात तीळ भिजायचा नाही हे गल्लीला माहीत होतं, पण त्या दिवशी तीळ नव्हता तोंडात, दया होती, आणि दयेला तर कुणी अडवतच नाही.

“एक भाऊ आहे,” बाई म्हणाल्या. “नाव घेत नाही. त्याचे डोळे जातायत.”

“अरेरे. कुठला?” उषाबाईंनी विचारलं.

“नाव घेत नाही म्हटलं ना.”

“नाव नकोच. प्रार्थना नेमकी व्हावी म्हणून विचारते. काम काय करतो?”

“रंगाचं.”

“भिंतीच्या की कपड्याच्या?”

“कपड्याच्या.”

“पोरंबाळं?”

“दोन मुली. थोरली नर्सिंगला आहे,” बाई म्हणाल्या, आणि जीभ चावली. सगळ्यांनी डोळे मिटले आणि अशी काही कळवळून प्रार्थना केली, की बाईंना रडू आलं. घरी येताना त्यांना हलकं हलकं वाटत होतं. नाव तर घेतलं नव्हतं.

शनिवारी दुपारी बाई कामावरून आल्या तर सुंदरा उन्हात, दाराबाहेर उभी. सुकदेवला मास्तरने सकाळी सगळ्यांसमोर टेबलापाशी बोलावलं. बारा चिंध्या पसरल्या आणि म्हणाला, जोड्या लाव. सुकदेवने लावल्या. सहापैकी तीन चुकल्या. कुणी हसलं नाही, हेच त्याला जास्त लागलं म्हणे. मास्तर म्हणाला, घरी जा, डोळे दाखव, मग बघू. आता सुकदेव आत भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“कोनी सांगं, बाई?” सुंदरा म्हणाली. “तू शोधी काढ. तुले समदं समजस.”

बाईंना असा संताप आला, की हातातली पिशवीसुद्धा त्यांनी खाली ठेवली नाही. कुणाची ही जीभ? बिचाऱ्याच्या पोटावर पाय आणला. त्या तशाच वळल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा बाईंनी त्या दुपारी घालायला घेतला.

सुकदेवच्या मिलमध्ये वैभव नावाचा सुपरवायझर होता, मंडळीतल्या लीलाचा नवरा. बाईंनी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. वैभवने लपवलं नाही. “मावशी, मीच सांगितलं मास्तरला. मला कळलं की त्याला अजिबात दिसत नाही. उद्या मशीनमध्ये हात गेला असता तर? मी काय त्याचा वैरी आहे?”

“तुला कुणी सांगितलं?”

“लीलाने. ती स्वयंपाक करताना मोठ्याने प्रार्थना करते ना. सुकदेवच्या डोळ्यांसाठी करत होती.”

इथे बाईंना बुधवारची सभा आठवली. पण पायांना सवय झाली होती, ते पुढे गेले. लीलाच्या घरी कणीक मळणं चाललं होतं. “मला तर साखळीतून आलं,” ती म्हणाली. “एक डोळा गेलाय, दुसरा जातोय म्हणून. उषाबाईंचा फोन होता.”

आता खरं तर बाईंनी घरी जायला हवं होतं. उत्तर समोर उभं होतं. पण माणसाला शेवटच्या पायरीवरही आशा असते, की दार दुसऱ्याच कुणाचं निघेल. त्या उषाबाईंकडे गेल्या.

“मला?” उषाबाई चष्मा पुसत म्हणाल्या. “अगं, तूच नाही का सांगितलंस?”

“मी नाव घेतलं नव्हतं.”

“तू नाही घेतलंस. पण कपडे रंगवणारा, दोन मुली, एक नर्सिंगला, आणि सांगणारी तू, त्याची शेजारीण. देवाने एवढी बुद्धी दिलीय की मला. साखळीत नाव मीच घातलं. बिननावाची प्रार्थना बायांच्या लक्षात राहत नाही.” त्यांच्या चेहऱ्यावर कपटाचा लवलेश नव्हता. “का गं, काही झालं का?”

बाई तिथेच बसल्या. याकोब गेला तेव्हा पहिलं माणूस शोधून सापडलं नव्हतं. ह्या वेळी सापडलं होतं.

परतीच्या वाटेवर बाईंचं डोकं भराभर चाललं. सुंदराला सांगायचं काय? वैभवने सांगितलं, हे खरं होतं. शंभर टक्के खरं. त्याने स्वतः कबूल केलं होतं. तेवढं सांगून थांबता येत होतं, आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता. गल्लीच्या वळणापर्यंत बाई ह्याच वाक्याला धरून आल्या. पण ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या ताक्यातली गाठ शोधली, तिला आपल्या वाक्यातली दिसू नये असं कसं होईल. वैभवचं नाव सांगितलं असतं तर ती आणखी एक चुगली झाली असती, आणि ह्या वेळी दयेचं पांघरूणही नव्हतं.

सुंदरा अजून दारातच होती. “कोनी?”

“मी,” बाई म्हणाल्या.

सुंदराला आधी कळलंच नाही. मग बाईंनी सगळं सांगितलं, बुधवारच्या त्या विषयापासून. कुणाचं नाव मात्र घेतलं नाही, फक्त स्वतःचं. सुंदरा ऐकत राहिली. ती ओरडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, “तुम्ही घरी जा आता.” मराठीत, आणि ‘तुम्ही’ म्हणून. बारा वर्षांत सुंदराने त्यांना कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. दार लागलं.

त्या संध्याकाळी बाईंना देवाचा रागही आला, हे लपवून काय करू. तुझ्यासाठीच केलं ना, म्हणाल्या. मग लक्षात आलं, देवाला तर ते आधीपासूनच ठाऊक होतं. सांगायची गरज होती ती बाईंना, त्याला नव्हती.

सोमवारी बाईंनी कामावर खाडा केला आणि सकाळी सातला शेजारचं दार वाजवलं. “डोळ्यांच्या दवाखान्यात रांग मोठी असते. मी पुढे जाऊन उभी राहते. तुम्ही दोघं नऊला या.” सुंदरा नऊला त्याला घेऊन आली. आता लपवायचं तरी काय उरलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, पिकलेला. ऑपरेशन होईल, दिसेल. एवढ्याशा गोष्टीसाठी वर्ष घालवलंत, म्हणाले. बाई तीन वेळा रांगेत उभ्या राहिल्या, तीन वेळा कागद आणून सुंदराच्या हातात दिले. सुंदरा तीनही वेळा “आभारी आहे” म्हणाली, आणि बाईंना तो शब्द नको होता.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पुढच्या बुधवारी सभेत उषाबाई खुश होत्या. “बघ प्रमिला, साखळीचंच काम हे. झाकून ठेवलं असतं तर बिचारा आंधळा झाला असता. ऊठ, साक्ष दे.” देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, ती साक्ष. बाईंच्या साक्षी ऐकायला शेजारच्या गल्लीतूनही बाया यायच्या.

आणि मोह काय कमी होता? गोष्टीला सुरुवात होती, संकट होतं, शेवट गोड होता. बाई उठल्या. “साक्ष त्या माणसाची आहे,” म्हणाल्या. “त्याला द्यायची असेल तर तो देईल. माझी एवढीच, की मला एकीने विश्वासाने सांगितलं आणि मी ते ठेवू शकले नाही.” खाली बसल्या. वहीत काय लिहावं ते उषाबाईंना बराच वेळ कळलं नाही.

तीन आठवड्यांनी एका मंगळवारी बाई सकाळी दाराला कुलूप लावत होत्या. मागून आवाज आला, “बाई, ही राखाडी नाही. हा पारव्याच्या मानेचा रंग.” सुकदेव ओटल्यावर, काळा चष्मा कपाळावर सारून. बाईंना वळून बघायला वेळ लागला, कारण डोळे पुसायचे होते. मास्तरने त्याला पुढच्या महिन्यात यायला सांगितलं होतं, पुन्हा चिंध्या मांडणार होता. डावा डोळा बाकी होता.

त्याच दिवशी संध्याकाळी सुंदरा साड्यांचा गठ्ठा घेऊन बाईंच्या दारात येऊन बसली. स्वतःच्या ओटल्यावर नाही, बाईंच्या. बराच वेळ धागे कापले. बाईंनी दुसरी कात्री उचलली. विचारलं काहीच नाही. त्या न विचारण्याने त्यांच्या जिवाची काय तगमग झाली असेल, ती त्यांनाच ठाऊक.

“गुरुवारी दुसऱ्या डोळाचं शे,” सुंदरा म्हणाली. “माले भीती वाटस.”

बाईंनी नुसती मान हलवली.

“उद्या बुधवार शे ना? तुम्ही समद्या बसतीन?”

“बसू.”

“मंग सांग त्यास्ले. नाव लिसन सांग. सुकदेव दगा महाले. पुरं नाव.”

नाव घेऊन! बाईंची कात्री थांबली. “किती सांगू?” त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं असेल.

सुंदराने विचार केला. “डोळाचं सांग. बाकी काहीच नको.”

बुधवारी उषाबाईंनी वही उघडली, चष्मा लावला. बाईंची पाळी आली. “सुकदेव दगा महाले,” त्या म्हणाल्या. “उद्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याच्या घरच्यांनी सांगायला सांगितलंय.”

“कुठला डोळा गं, डावा की उजवा?” उषाबाईंनी पेन टेकवून विचारलं. “आणि कामावर परत घेतलं का त्याला? मुलीचं काय झालं?”

“देवाला माहीत आहे,” बाई म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.